फाइलमध्येच राहिलेला कागद

५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नाशिकमधल्या २००३ सालच्या एका खून खटल्यातल्या सहा जणांना निर्दोष सोडलं. सहाही जण भटक्या जमातींतले, हातावर पोट असलेले. दहा वर्षांपूर्वी, २००९ मध्ये, याच न्यायालयाने या सहाही जणांना फाशी सुनावली होती. उच्च न्यायालयाने त्यांच्यातल्या तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली होती, तीसुद्धा तेव्हा पुन्हा वाढवून फाशी केली गेली.

मग दहा वर्षांत बदललं काय? नवा साक्षीदार आला नाही, कुणी कबुलीही दिली नाही. एक जुनाच जबाब या वेळी नीट वाचला गेला. गुन्ह्यानंतर दोनच दिवसांनी पोलिसांनी जखमी प्रत्यक्षदर्शी महिलेला गुन्हेगारांच्या फोटोंचा अल्बम दाखवला होता. तिने त्यातले चौघे ओळखले होते आणि तशी नोंदही झाली होती. ते चौघे या सहांपैकी नव्हते. त्यांच्याबद्दल पुढे काहीच तपास झाला नाही, खटला मात्र भलत्याच सहा जणांवर चालला. न्यायालयाने तपास यंत्रणेची ही गंभीर चूक नोंदवली, राज्य सरकारला प्रत्येकी पाच लाख रुपये द्यायला सांगितलं आणि दोषी अधिकारी शोधायचे आदेश दिले.

अशी ‘निर्दोष मुक्तता’ बातमीत आली की आपली चर्चा दोन टोकांना जाते. एक म्हणजे ‘पोलिसांनी अडकवलं’ आणि दुसरं म्हणजे ‘पळवाटेने सुटले’. मधला एक माणूस या चर्चेत येतच नाही. खटला उभा करणारा, कुठला पुरावा कोर्टापुढे ठेवायचा हे ठरवणारा सरकारी वकील.

सरकारी वकील नेमका कुणाचा?

फौजदारी खटल्यात तक्रारदार कुणीही असो, खटला चालवतं सरकार. सरकारच्या या बाजूला अभियोग पक्ष म्हणतात. कोर्टातल्या बोलीत ‘सरकार पक्ष’. आरोपीची बाजू म्हणजे बचाव पक्ष.

खासगी वकिलाचं काम सरळ असतं. अशिलाला जिंकून द्यायचं. सरकारी वकिलाचा अशील मात्र तक्रारदार नाही, पोलीसही नाहीत. तो राज्याच्या वतीने उभा असतो, आणि निर्दोष माणूस तुरुंगात जाण्यात राज्याचं काहीच हित नसतं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९३५ मध्येच सांगून ठेवलंय की सरकारी वकिलाचं काम खटला जिंकणं नसून न्याय होईल हे पाहणं आहे. घाव जोरात घाला, पण नियम मोडून घालू नका. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९९९ च्या शिवकुमार विरुद्ध हुकमचंद या निकालात बजावलं की वस्तुस्थिती काहीही असली तरी आरोपीला कसंही करून शिक्षा झालीच पाहिजे, अशी तहान सरकारी वकिलाला असता कामा नये.

कागदावर हे सगळं छान आहे. पण बढती, नाव, वर्तमानपत्रातला फोटो आणि अमेरिकेत तर थेट निवडणूक या सगळ्या गोष्टी जिंकलेल्या खटल्यांवर ठरतात. तिथे बहुतेक जिल्ह्यांत मुख्य सरकारी वकील मतदानाने निवडला जातो. ‘यंदा मी इतके संशयित निर्दोष आहेत हे ओळखून सोडून दिले’ अशी जाहिरात करून कुणी निवडून आल्याचं ऐकिवात नाही.

किल्ली एकाच भावाकडे

दोन भावांत वाटणीचा वाद आहे. घरातले सगळे जुने कागद, खरेदीखतं, पावत्या एकाच कपाटात आहेत आणि त्या कपाटाची किल्ली मोठ्या भावाकडे. तो म्हणतो, ‘तुझ्या कामाचं काही असेल तर मी काढून देईन.’ धाकट्याने मागायचं म्हटलं, तरी आत काय आहे हेच त्याला माहीत नाही. जे आहे हेच माहीत नाही, ते मागणार कसं?

फौजदारी खटला थोडाफार असाच असतो. घटनास्थळावर पहिल्यांदा पोलीस पोहोचतात. रक्ताचे नमुने, फोन रेकॉर्ड, शेजाऱ्यांचे जबाब, सीसीटीव्हीतलं चित्रण हे सगळं तेच गोळा करतात. आरोपी तोवर कोठडीत असतो आणि त्याचा वकील महिन्यांनंतर येतो. म्हणून जगभर एक तत्त्व हळूहळू रुजलं: आरोपीच्या बाजूने जाणारा पुरावा हाती असेल तर सरकार पक्षाने तो स्वतःहून द्यायला हवा.

या तत्त्वाचा सगळ्यात गाजलेला निकाल म्हणजे अमेरिकेतला १९६३ चा ब्रॅडी विरुद्ध मेरिलँड. एका खुनात दोन आरोपी होते, त्यातला एक ब्रॅडी. प्रत्यक्ष खून मी केला, असं दुसऱ्या आरोपीने एका जबाबात सांगितलं होतं. ब्रॅडीच्या वकिलाने साथीदाराचे जबाब मागितले तेव्हा नेमका तो सोडून बाकीचे मिळाले. न्यायालय म्हणालं, हे घटनाबाह्य आहे, आणि तो जबाब वाईट हेतूने दडवला की नजरचुकीने राहिला, याने फरक पडत नाही. आरोपीचं नुकसान तेवढंच होतं.

टेक्सासमधली पंचवीस वर्षं

मायकल मॉर्टन. टेक्सास राज्यातली विल्यमसन काउंटी, ऑगस्ट १९८६. पहाटे तो कामावर गेला आणि घरात त्याच्या पत्नीचा खून झालेला आढळला. गुन्हेगारी पार्श्वभूमी नाही, हत्यार सापडलं नाही, प्रत्यक्षदर्शी म्हणावा असा मोठा माणूस नाही. सरकार पक्षाची गोष्ट अशी होती की आदल्या दिवशी नवऱ्याचा वाढदिवस होता, रात्री बायकोशी बिनसलं, त्याने रागाने मारलं. १९८७ मध्ये त्याला जन्मठेप झाली.

फाइलमध्ये मात्र आणखी बरंच काही होतं. मॉर्टनचा तीन वर्षांचा मुलगा त्या वेळी घरात होता. त्याने आजीला सांगितलं की एका ‘राक्षसाने’ आईला मारलं आणि तेव्हा बाबा घरी नव्हते. आजीने हे पोलिसांना फोनवर सांगितलं, त्या संभाषणाची लेखी प्रतही तयार झाली. शेजाऱ्यांनी सांगितलं होतं की घराच्या मागच्या बाजूला हिरव्या व्हॅनमधून येऊन फिरणारा एक अनोळखी माणूस त्यांनी पाहिला होता. यातलं काहीच बचाव पक्षाला मिळालं नाही.

घराजवळ रक्ताचे डाग असलेला एक रुमाल सापडला होता. त्याची डीएनए चाचणी करा, अशी मागणी मॉर्टनच्या वकिलांनी २००५ मध्ये केली. तेव्हाच्या सरकारी वकिलाने (खटला चालवणारा आता न्यायाधीश झाला होता) वर्षानुवर्षं विरोध केला. मला हा भाग सगळ्यात विचित्र वाटतो. चाचणीने मॉर्टनच दोषी ठरला असता तर सरकार पक्षाची बाजू आणखी भक्कम झाली असती. मग अडवायचं कशाला? अखेर २०११ मध्ये चाचणी झाली. रुमालावर मॉर्टनच्या पत्नीचं रक्त होतं आणि सोबत एका तिसऱ्याच माणसाचा डीएनए. तो माणूस सापडला आणि २०१३ मध्ये त्याला शिक्षा झाली. मॉर्टन ऑक्टोबर २०११ मध्ये बाहेर आला तेव्हा तो मुलगा तिशीच्या उंबरठ्यावर होता.

‘पण न्यायाधीश काय करत होते?’

हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. मॉर्टनच्या खटल्यात न्यायाधीशांनी जे करायला हवं तेच केलं होतं. तपास अधिकाऱ्याच्या नोंदी मला पाहू द्या, त्यात आरोपीच्या उपयोगाचं काही आहे का ते मी बघतो, असं त्यांनी सांगितलं. सरकारी वकिलाने कागद दिले, न्यायाधीशांनी वाचले, सीलबंद करून ठेवले. २०११ मध्ये ते पाकीट उघडलं तेव्हा आत मोजकीच पानं निघाली. आजीचा जबाब त्यात नव्हता. किल्ली न्यायाधीशांकडे गेलीच नव्हती, त्यांना मिळाला होता निवडून काढलेला गठ्ठा.

वरच्या न्यायालयाची अडचण तर आणखी मोठी. अपिलात सहसा खालच्या कोर्टाच्या रेकॉर्डवर जे आहे तेच तपासलं जातं. जे रेकॉर्डवर आलंच नाही, त्याबाबत ती फाइल तीन न्यायाधीशांनी वाचली काय आणि तेरा जणांनी वाचली काय, सारखंच. ‘इतक्या कोर्टांनी दोषी ठरवलं म्हणजे काहीतरी असणारच’ हा आपला नेहमीचा युक्तिवाद इथे फोल ठरतो. सगळी कोर्टं तीच अपुरी फाइल वाचत असतात.

ब्रॅडीच्या नियमातही एक मोठी फट आहे. तिथे ‘महत्त्वाचा’ पुरावाच देणं घटनेने बंधनकारक आहे. म्हणजे जो मिळाला असता तर निकाल वेगळा लागण्याची रास्त शक्यता होती असा. खटल्याआधी ते महत्त्व कोण ठरवणार? सरकारी वकीलच. आरोपी दोषी आहे अशी ज्याची आधीच खात्री झालेली आहे, त्यालाच ‘याने तुमची केस ढासळेल का?’ असं विचारण्यासारखं हे आहे.

लपवणं हा एकच प्रकार नाही

पुरावा दडवणं हा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार, पण बाकीचेही थोडक्यात सांगायला हवेत. साक्षीदाराला शिक्षेत सूट देऊ केली असेल आणि ती गोष्ट कोर्टापासून लपवली, तर तोही गैरप्रकारच. आपल्याच साक्षीदाराने खोटं सांगितलंय हे कळूनही गप्प बसणं हा आणखी एक. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ओक्लाहोमातल्या रिचर्ड ग्लॉसिपची शिक्षा याच कारणाने रद्द करून खटला पुन्हा चालवायला सांगितलं. मुख्य साक्षीदार आपल्या मानसिक उपचारांबद्दल खोटं बोलला आणि सरकारी वकिलाने ते दुरुस्त केलं नाही. ग्लॉसिप तोवर अनेक वेळा फाशीच्या अगदी जवळ जाऊन आला होता. विशेष म्हणजे, ही शिक्षा टिकू नये असं खुद्द त्या राज्याचा महाधिवक्ताही कोर्टाला सांगत होता.

जिथे ज्युरी, म्हणजे दोषी की निर्दोष हे ठरवणारे सामान्य नागरिक, असते तिथे ज्युरी निवडतानाही हात मारता येतो. मिसिसिपीत कर्टिस फ्लॉवर्सवर एकाच सरकारी वकिलाने सहा वेळा खटला चालवला. सहा खटल्यांत मिळून ज्युरीसाठी आलेल्या ज्या ४२ कृष्णवर्णीयांना तो वगळू शकत होता, त्यातल्या ४१ जणांना त्याने वगळलं. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली.

माणूस वाईट की व्यवस्था?

हे सगळे वकील खलनायक होते का? काही असतीलही. पण मला वाटतं, खलनायक शोधत बसलो तर मुख्य मुद्दा हातून निसटतो. बहुतेक वेळा आधी खात्री होते आणि मग त्या खात्रीला न जुळणारा कागद ‘बिनकामाचा’ वाटू लागतो. तीन वर्षांचं पोर काहीही बोलतं, असं म्हणून आजीचा जबाब बाजूला ठेवणारा माणूस स्वतःला अप्रामाणिक समजत नसतो. म्हणून तर ब्रॅडीच्या निकालात हेतूचा प्रश्नच बाजूला ठेवला आहे.

आकडे पाहिले तर हा अपवाद वाटत नाही. अमेरिकेत निर्दोष ठरून सुटलेल्यांची एक राष्ट्रीय नोंदवही ठेवली जाते. १९८९ पासून २०१९ च्या सुरुवातीपर्यंतच्या २,४०० प्रकरणांचा तिने अभ्यास केला. ५४ टक्के प्रकरणांत सरकारी यंत्रणेतल्या कुणाचा तरी गैरप्रकार होता. सरकारी वकिलांचा ३० टक्क्यांत, पोलिसांचा ३५ टक्क्यांत, काहींत दोघांचाही. आरोपीच्या बाजूचा पुरावा दडवल्याची प्रकरणं ४४ टक्के. हे उघडकीला आलेल्यांचे आकडे आहेत, ही मर्यादा मात्र लक्षात ठेवायला हवी. कपाट न उघडताच संपलेल्या खटल्यांची मोजदाद कुणी करू शकत नाही.

मग शिक्षा कुणाला होते?

जवळजवळ कुणालाच नाही. त्याच अभ्यासात, गैरप्रकार केलेल्या सरकारी वकिलांपैकी सुमारे ४ टक्क्यांवरच शिस्तभंगाची कारवाई झालेली दिसते. १९७६ च्या एका निकालाने अमेरिकेत सरकारी वकिलाला खटल्यातल्या कामाबद्दल नुकसानभरपाईच्या दाव्यांपासून पूर्ण संरक्षण दिलं आहे. कारण असं दिलं जातं की दर शिक्षेनंतर आरोपी दावा ठोकायला लागला तर कुठलाही वकील निर्भयपणे काम करणार नाही. युक्तिवाद अगदीच टाकाऊ नाही. पण त्याची किंमत काय पडते ते न्यू ऑर्लिन्समधल्या जॉन थॉम्प्सनकडे पाहिलं की कळतं.

थॉम्प्सनला आधी एका लुटीच्या गुन्ह्यात शिक्षा झाली, मग एका खुनात फाशी. लुटीच्या गुन्ह्यात हल्लेखोराचं रक्त कपड्यावर सांडलं होतं आणि प्रयोगशाळेचा अहवाल सरकार पक्षाकडे होता: रक्तगट बी. थॉम्प्सनचा ओ. हा अहवाल दडवणाऱ्या वकिलाने पुढे कर्करोगाने मरणासन्न असताना एका सहकाऱ्याला ते सांगितलं. तो सहकारीही पाच वर्षं गप्प राहिला. १९९९ मध्ये, फाशीला काही आठवडे उरले असताना, बचाव पक्षाच्या शोधकाला तो अहवाल मिळाला. खुनाचा खटला पुन्हा चालला तेव्हा २००३ मध्ये ज्युरीने साधारण अर्ध्या तासात त्याला निर्दोष ठरवलं. अठरा वर्षं तुरुंगात गेली होती, त्यातली चौदा फाशीच्या कोठडीत. ज्युरीने त्याला १ कोटी ४० लाख डॉलरची भरपाई दिली. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी तीही काढून घेतली. मॉर्टनवर मूळ खटला चालवलेल्या सरकारी वकिलाला मात्र २०१३ मध्ये सनद सोडावी लागली आणि दहा दिवसांची कैद झाली. इतकी छोटी शिक्षा, तरी ती दुर्मीळ म्हणून गाजली.

आपल्याकडे चित्र वेगळं, प्रश्न तोच

अमेरिकेत सरकारी वकिलाचं कार्यालय फार ताकदवान असतं. भारतात तपास पोलिसांचा, आरोपपत्र पोलिसांचं. सरकारी वकील बहुधा त्यानंतर येतो. एकेकाळी तर सहायक सरकारी वकील पोलीस खात्याच्याच अखत्यारीत काम करायचे. १९९५ मध्ये शहाणे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने राज्याला त्यांचं वेगळं, पोलिसांपासून स्वतंत्र केडर करायला सांगितलं. म्हणजे आपल्याकडे कपाट बऱ्याचदा पोलीस ठाण्यातच असतं आणि वकिलाच्या हाती येतो निवडलेला गठ्ठा. मग नाशिकच्या अल्बमसारख्या गोष्टीत दोष कुणाचा, यावर दोघं एकमेकांकडे बोट दाखवू शकतात. अमेरिकेत १९९५ च्या एका निकालाने ही पळवाट बंद केली: पोलिसांकडे असलेला पुरावा सरकारी वकिलाला माहीत आहे असंच धरायचं.

आपल्याकडे उलट तऱ्हाही दिसते. २००२ च्या गुजरात दंगलीतल्या बेस्ट बेकरी हत्याकांडाच्या प्रकरणात २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की सरकारी वकील बचावाच्या वकिलासारखाच वागलेला दिसतो. निर्दोषाला आत टाकणारा आणि दोषीला वाचवणारा, दोघांच्याही मुळाशी एकच गोष्ट आहे: पुरावा पुढे ठेवायचा की नाही हे एकट्याने ठरवायची मुभा.

कायदा काय देतो? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २३० नुसार आरोपी हजर झाल्यापासून जास्तीत जास्त चौदा दिवसांत त्याला आरोपपत्र, जबाब आणि इतर कागदांच्या प्रती द्याव्या लागतात. पण हे कागद कुठले, तर ज्यांवर सरकार पक्ष विसंबतो ते. ज्यांवर विसंबत नाही ते राहिले फाइलमध्ये. आणि पोलिसांची केस डायरी, म्हणजे तपासाची रोजची नोंदवही, तर आरोपीला मागताच येत नाही.

‘सगळं दाखवलं तर गुन्हेगारच सुटतील’

हा आक्षेप गांभीर्याने घ्यायला हवा, कारण साक्षीदारांना धमक्या येतात हे खोटं नाही. पण त्यासाठी नाव-पत्ता झाकता येतो, न्यायाधीशांच्या परवानगीने एखादा कागद रोखता येतो. नॉर्थ कॅरोलायनाने २००४ मध्ये, आणि मॉर्टनच्या नावाचा कायदा करून टेक्सासने २०१४ पासून, जवळपास पूर्ण फाइल बचाव पक्षाला खुली केली आहे. तिथे खटले चालतात, शिक्षाही होतात.

शिवाय हा आक्षेप एक गोष्ट विसरतो. चुकीचा माणूस आत जातो तेव्हा खरा बाहेर असतो. मॉर्टन तुरुंगात गेल्यावर वर्षभराच्या आतच, जानेवारी १९८८ मध्ये, ज्याचा डीएनए रुमालावर होता त्याच माणसाने ऑस्टिनमध्ये आणखी एका महिलेचा तिच्या घरात खून केला. हिरव्या व्हॅनची माहिती तेव्हा फाइलमध्ये होतीच.

भारतात आज काय मागता येतं

२०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी खटल्यांसाठी काही नियम घालून दिले. त्यांनुसार, पोलिसांनी जप्त केलेल्या पण सरकार पक्षाने न वापरलेल्या वस्तू, कागद आणि जबाबांची यादी आरोपीला द्यायची असते. पूर्ण कागद नव्हेत, यादी. पण ती मिळाली की कपाटात काय आहे ते कळतं आणि नेमकं काय मागायचं तेही. २०२२ मध्ये मनोज विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या निकालात न्यायालयाने स्पष्ट केलं की एखाद्या राज्याने हे नियम अजून स्वीकारले नसले तरी सरकार पक्षाने ते पाळावेत. मे २०२५ मध्ये मनी लाँडरिंगच्या खटल्यांतही ही यादी द्यावी लागेल, असा निकाल आला.

यात वेळेला फार महत्त्व आहे. ही यादी खटल्याच्या सुरुवातीला मागायची असते. २०२२ च्याच पोन्नुस्वामी प्रकरणात आरोपींनी ती अपिलाच्या टप्प्यावर मागितली आणि न्यायालयाने नकार दिला. त्यामुळे ज्यांच्या घरातलं कुणी अशा खटल्यात अडकलं असेल त्यांनी आरोपनिश्चितीच्या (कोर्ट आरोप ठरवतं त्या टप्प्याच्या) आधीच वकिलाला एवढंच विचारावं: न वापरलेल्या पुराव्यांची यादी आपण लेखी मागितली आहे का?